बंद न झालेला मंगळवार

आमच्या बँकेचा मंगळवार बंद झाला नाही, म्हणून बिरनाळे सर, यास्मिन मुल्ला आणि मी मंगळवारातच राहिलो. बाहेर बुधवार लागला. तो आम्हाला खिडकीतून दिसत होता. समोरच्या बेकरीवाल्याने बुधवारचे पाव मांडले, रिक्षावाल्यांनी बुधवारच्या शिव्या दिल्या. खिडकीच्या अलीकडे मात्र दुपारच्या चहाची वेळ होती आणि ती हलत नव्हती.

ज्यांनी बँकेत काम केलेलं नाही त्यांना एवढं सांगायला हवं की बँकेची तारीख घड्याळाने बदलत नाही. ती आम्ही बदलतो. सगळ्या शाखांचं काम मिटलं की आमचा आयटी विभाग डे एंड चालवतो, आणि मगच बँकेत दुसरा दिवस उजाडतो. कुठे एक जरी नोंद अर्धवट लटकली असेल तर दिवस बंद होत नाही. मग आम्ही त्या शाखेला फोन करतो, चार शब्द सुनावतो, ते 'सॉरी मॅडम' म्हणतात आणि सूर्य मावळतो. लोकांना वाटतं आयटीवाले एसीत बसून मजा मारतात.

मी पद्मजा मगदूम. सांगलीच्या मुख्य कार्यालयात वरच्या मजल्यावर आमचा विभाग आहे. शाखांमधली निम्मी माणसं मला 'प्रिंटरच्या मॅडम' म्हणूनच ओळखतात, कारण दुसऱ्या कशासाठी त्यांनी मला कधी फोन केलेला नाही.

मला रविवारच्या आत मंगळवारातून बाहेर पडायचं होतं. रविवारी मिरजेला माझ्या भावाच्या, अजितच्या मुलीचं बारसं होतं, आणि मी आत्या. अजितला फार उशिरा मूल झालं. मी लग्न केलं नाही, त्याची मला खंत नाही. पण आत्या व्हायचं मला इतकं मनापासून हवं होतं की पोरगी झाल्याचा फोन आला तेव्हा मी सर्व्हर रूममध्ये जाऊन रडले. तिथे आवाज बाहेर येत नाही. नाव मीच ठरवलं होतं. काय ठरवलंय ते अजितने, वहिनीने, कुणीच विचारलं नव्हतं. बारशात आत्याने बाळाच्या कानात सांगेपर्यंत नाव फुटू द्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. म्हणून ते मी इथेही सांगणार नाही.

"सगळ्या शाखांना फोन लावा," बिरनाळे सर म्हणाले. सर आमचे साहेब. कुठलाही प्रश्न फोन लावून सुटतो अशी त्यांची श्रद्धा आहे.

आम्ही फोन लावले. तासगाव म्हणालं, आमचं मिटलंय. जत म्हणालं, आमचं कालच मिटलंय. विट्याचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं आज गुरुवार हाय. तुम्ही कुठनं बोलालाय?"

"मंगळवारातून," मी म्हणाले.

"बरं. आमचा प्रिंटर चालंना बघा."

मी जिना उतरून खाली गेले. तळमजल्याचं दार उघडलं तर आत आमचाच विभाग होता. बिरनाळे सर होते, यास्मिन होती, टेबलावर माझा डबा होता. यास्मिन म्हणाली, "मॅडम, मी पण जाऊन आले. लिफ्टनं गेलं तर जरा लवकर येतं, एवढंच."

यास्मिन माझी चेकर. बँकेत एकट्याने केलेलं काही खरं धरत नाहीत. एकाने नोंद करायची, तो मेकर; दुसऱ्याने ती तपासून पास करायची, तो चेकर. आपली नोंद आपणच पास करता येत नाही. यास्मिन आणि मी इतकी वर्षं एकमेकींचं तपासत आलोय की मी भाजीत मीठ घातलं तरी तिच्याकडे बघते.

चहा आला. कँटीनचा चहा खालून दोरीच्या ट्रेने वर येतो, त्याला दार लागत नाही. चहा पिऊन झाला तेव्हा खोलीत एक टेबल कमी होतं. टेबल कुणी नेलं नव्हतं. भिंत पुढे आली होती आणि ते टेबल आता भिंतीच्या पलीकडे असावं. सरांनी भिंतीवर टकटक केलं. पलीकडून कुणीतरी "बिझी आहे" म्हणालं.

"मेंटेनन्सला फोन लावा," सर म्हणाले.

तेवढ्यात माझाच मोबाईल वाजला. अजित होता.

"अक्का, कुठं हाईस? बायका बसल्यात. पाळणा बांधलाय. घुगऱ्या गार व्हायल्या."

"आज रविवार आहे?"

"मग काय सोमवार? तू यायलीस न्हवं?"

"दिवस बंद होत नाहीये रे."

"तुझं ते बँकेचं घाल चुलीत," अजित म्हणाला. मागून आईचा आवाज आला, "आत्याशिवाय नाव ठेवायचं न्हाई. थांबा म्हणावं." मग बायका आपसात बोलायला लागल्या आणि फोन कट झाला.

मला रडू आलं, पण रडत बसायला वेळ नव्हता. म्हणजे वेळच वेळ होता, तो पुढे जात नव्हता एवढंच. मी कोणती नोंद अडकली आहे ते शोधायला बसले. सगळ्या शाखा स्वच्छ होत्या. एकच नोंद लटकत होती, आणि ती शाखेतली नव्हती. ती मुख्य कार्यालयातली होती, आयटी विभागातली. मेकरच्या जागी माझं नाव होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

काय झालं ते माझ्या लगेच लक्षात आलं. आमच्यापुढे दोन बँका असतात. एक खरी, तिला आम्ही लाईव्ह म्हणतो. दुसरी खोटी, टेस्ट. ती हुबेहूब खरीसारखी, पण तिच्यात काहीही केलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. टेस्टच्या पडद्यावर वर हिरवी पट्टी असते, लाईव्हवर लाल. लहान मुलांच्या खात्याच्या पानावर मराठी जोडाक्षरं फुटतात अशी तक्रार होती, म्हणून मी टेस्टमध्ये एक खोटी मुलगी भरत होते. बिरनाळे सरांना खोट्या नावांत 'अबक' लिहिलेलं चालत नाही. "खरं वाटेल असं नाव टाका," ते म्हणतात. त्या दिवशी माझ्याजवळ जे सगळ्यात खरं नाव होतं ते मी टाकलं. पट्टी हिरवी आहे असं मला वाटलं होतं. ती लाल होती.

म्हणजे माझ्या भाचीचं नाव बारशाआधीच बँकेत पोचलं होतं आणि चेकरची वाट बघत पडलं होतं.

"खोडून टाका," सर म्हणाले.

"खोडलेलं नाव परत वापरता येत नाही सर. नियम आहे."

"कुणाचा?"

"तुम्हीच सर्क्युलर काढलं होतं."

सरांनी हात जोडले. आपण काढलेल्या सर्क्युलरपुढे ते नेहमी हात जोडतात. पुन्हा चहा आला, आणखी एक टेबल गेलं, ते नेमकं सरांचं. सर आपली खुर्ची घेऊन सर्व्हर रूममध्ये गेले आणि काचेचं दार लावून आत बसले. तिथे गारठा फार असतो. थोड्या वेळाने त्यांच्या मिशीवर दव दिसायला लागलं. काचेआडून ते कानाशी मूठ नेऊन फोन लावायची खूण करत राहिले.

उरला एकच मार्ग. यास्मिनने नोंद पास करायची. पण नावाच्या नोंदीत एक मेख आहे. मेकरने काय टाकलंय ते चेकरला दिसत नाही. त्याने तेच नाव न बघता स्वतः टाइप करायचं, आणि अक्षरन् अक्षर जुळलं तरच नोंद पास होते. म्हणजे मला ते नाव यास्मिनला सांगावं लागणार होतं.

"कानात सांगते," मी म्हणाले. "कुणाला कळणार नाही."

यास्मिनने खुर्ची मागे घेतली. "नको मॅडम. मी पण फुपी आहे, म्हणजे आत्याच. कानात सांगितलेलं नाव ज्याच्या कानात सांगितलं त्याचं होतं. मला माझं आहे. दोन घेऊन मी कुठं ठेवू?"

"मग चिठ्ठीवर लिहून देते."

"मग ते चिठ्ठीचं होईल."

तिचं बरोबर होतं. यास्मिनचं नेहमी बरोबर असतं, म्हणून तर ती चेकर आहे. पण मला तिचा राग आला आणि मी तो तिला बोलून दाखवला. मी म्हणाले, इतक्या वर्षांत तू माझ्या एका चुकीवर पांघरूण घातलं नाहीस. ती म्हणाली, "ते काम नाही माझं." मग तिने तिच्या डब्यातला शिरकुर्मा मला दिला आणि आम्ही दोघींनी तो एकाच चमच्याने खाल्ला, कारण दुसरा चमचा भिंतीपलीकडे गेला होता.

फोन येत राहिले. अजित दर वेळी थोडा म्हाताऱ्या आवाजात बोलायचा.

"अक्का, बाळ रांगायलंय. हाक काय मारू?"

"थांब थोडं."

"अक्का, हिला शाळेत घालायचीया. बाई विचारायल्यात नाव काय. मी काय सांगू?"

"मी येतेच आहे."

"आई म्हणत्या आत्याशिवाय नाव न्हाई. बाई म्हणत्या नावाशिवाय शाळा न्हाई. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झालीया माझी." त्याने श्वास घेतला. "शाळेत तिला 'ए' म्हणत्यात, अक्का. नुसतं 'ए'."

मी फोन ठेवला. खिडकीबाहेर बेकरी जाऊन तिथे चपलांचं दुकान आलं होतं. खोलीत आता एकच टेबल उरलं होतं, त्याच्या एका बाजूला मी, एका बाजूला यास्मिन. आमचे गुडघे एकमेकींना लागत होते.

तेव्हा दार वाजलं आणि शाळेच्या कपड्यातली एक मुलगी आत आली. गळ्यात पाण्याची बाटली, एक वेणी सुटलेली. कपाळ अजितचं होतं.

"आत कशी आलीस?" मी विचारलं. "दार तर आतूनच आत उघडतं."

"मी इथलीच हाय की. पेंडिंगमधली." तिने खोलीकडे पाहिलं. "आत्या, मला बसायला जागा कुठाय?"

जागा नव्हती. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि भिंत तिला हळूहळू टेबलाकडे ढकलत राहिली. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. हात तिच्या खांद्यापर्यंत गेला, पण मला कापड लागलं नाही, केस लागले नाहीत. पास न झालेल्या नोंदीला हात लागत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

"आत्या, माझं नाव दे की. वर्गात सगळ्यांना हाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. मला वाटलं होतं ती मला बोल लावेल. ती नुसती वाट बघत होती, माझ्याच आईच्या ओसरीवर पाव्हण्यांची वाट बघत बसावं तशी.

यास्मिन उठली. "मॅडम, हिला माझ्या खुर्चीत बसवा. माझं लॉगिन उघडं आहे." मग तिने भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही हातांनी कान घट्ट झाकले.

"असं चालतं का?" मी विचारलं. तिला ऐकू गेलं नाही.

मी विचार केला. नाव ज्याच्या कानात सांगावं त्याचं होतं, आणि हे नाव हिचंच आहे. मेकर मी, चेकर ती. माणसं दोन आहेत, नियम मोडत नाही. इतक्या साध्या गोष्टीसाठी आम्ही इतके चहा प्यायलो याचं मला हसू आलं. काचेआडून सरांनी अंगठा दाखवला.

मुलगी खुर्चीत बसली. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. मी तिच्या डाव्या कानाशी वाकले.

बारशात आत्या वाकली की मागे उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत बुक्क्या घालतात. नाव सांगून होईपर्यंत घालतात, हसत हसत, जुने हिशेब चुकते करत. माझ्या पाठीत कुणी बुक्की घातली नाही. यास्मिनचे दोन्ही हात कानांवर होते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"कुर्रर्र," मी म्हणाले आणि नाव सांगितलं.

मुलगी हसली. मग तिने एक बोट वर धरलं आणि कीबोर्डवर अक्षरं शोधायला लागली. लहान मुलं शोधतात तशी, ओठ हलवत, प्रत्येक अक्षर सापडलं की माझ्याकडे बघत. जोडाक्षरापाशी ती अडली. मला सांगावंसं वाटलं, पण मेकरने चेकरला मदत करायची नसते. तिने ते स्वतः जोडलं.

पडद्यावर आलं, नोंद जुळली.

"आता मी कुठं जाऊ?" तिने विचारलं.

"घरी. मिरजेला."

"एकटी?"

मी "नाही" म्हणायच्या आत ती बाटली सावरत जिन्यावरून उतरून गेली, आणि या वेळी जिना खरोखर खाली गेला. तिच्या चपलांचा आवाज रस्त्यापर्यंत आला. खिडकीतलं ऊन हललं. भिंती मागे सरकल्या, टेबलं आपापल्या जागी उभी राहिली, त्यांच्यावरचा चहा अजून कोमट होता. सर बाहेर आले आणि रुमालाने मिशी पुसत म्हणाले, "कुणाची नोंद होती?"

"माझी."

"कळवून ठेवा. फॉरमॅटमध्ये."

मी डे एंड चालवला. मंगळवार बंद झाला. बँकेत बुधवार लागला, म्हणून बाहेरही बुधवारच होता. चपलांचं दुकान नव्हतं. बेकरीवाला पुन्हा तेच पाव मांडत होता.

मोबाईल वाजला. अजितचा आवाज तरणा झाला होता.

"अक्का, रविवारी सकाळी लवकर ये हं. बाळ आत्ताच झोपलंय. नाव ठरवलंयस न्हवं?"

"ठरवलंय," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि मी ते नाव मनात म्हणून बघितलं. ते आलं नाही. जिभेवर आहे असंही नव्हतं. जिथे ते होतं तिथे काही नव्हतंच, ते मी देऊन टाकलं होतं. मी ती नोंद उघडली. नावाच्या जागी फुल्या फुल्या होत्या. पास झालेलं नाव मेकरला दाखवत नाहीत. मी यास्मिनकडे गेले.

"मी कान झाकले होते मॅडम," ती म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला. "तुम्हीच सांगा, मी दुसरं काय करणार होते?"

रविवारी मी मिरजेला गेले. दुसरं एखादं नाव ठेवून वेळ मारून नेता आली असती, वाटेत दुकानांच्या पाट्यांवर मी चांगली चांगली नावं वाचली. पण ती सगळी कुणा ना कुणाची होती. आणि पोरीला तिचं नाव मिळालेलं होतं, मी माझ्या तोंडाने दिलं होतं. तिला परत खोटं नाव देणं माझ्याने होणार नव्हतं.

पाळणा फुलांनी बांधला होता. घुगऱ्या गरम होत्या. आई म्हणाली, "आली गं बाई आत्या!" वहिनीने बाळाला पाळण्यात ठेवलं आणि माझ्याकडे विश्वासाने बघितलं. बायकांनी पाळणा म्हटला. मी वाकले. वाकताक्षणी पाठीवर बुक्क्या सुरू झाल्या, आईची, वहिनीच्या आईची, शेजारणींची, आणि मंगळवारी न बसलेल्या सगळ्या.

"कुर्रर्र," मी बाळाच्या कानात म्हणाले. पुढे माझ्याजवळ काही नव्हतं.

"सांग की गं," आई मागून म्हणाली. "किती वेळ वाकून बसशील?"

नाव सांगितल्याशिवाय आत्याने सरळ व्हायचं नसतं आणि नाव ऐकल्याशिवाय बायकांनी थांबायचं नसतं. मी डोकं वळवलं आणि माझाच कान बाळाच्या तोंडाशी नेला. तिला माहीत होतं. फक्त तिलाच माहीत होतं, आणि तिला अजून बोलता येत नव्हतं. बुक्क्या पडत होत्या. बाळाने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, मुठीतून एक बोट सोडवलं आणि ती माझ्या गालावर अक्षरं शोधायला लागली.